संगमेश्वर सरांचा कढीपत्ता

हाव हाव, हेडमास्तर साहेब, थोडक्यातच बोलणार हाय. खिचडी शिजवणाऱ्या बाईच्या हातात माईक द्यायला तुम्ही भ्याले, ते कळालं मला. पण बोलायला पोरींनीच माझं नाव घेतलं, त्याला मी काय करू?

तर कार्यक्रमाचे अध्यक्ष, शाळा समितीचे रामकिशनराव, जे दरसाली वाचनाचं महत्त्व सांगतेत अन् स्वतः पेपरातलं राशीभविष्य तेवढं वाचतेत. व्यासपीठावरचे थोर पाहुणे. आज ज्यांना निरोप द्यायचा ते आपले लायब्ररीचे संगमेश्वर सर. त्यांना नांदेडला न्यायला गाडी घेऊन आलेले त्यांचे चिरंजीव मल्लिनाथ. अन् खाली बसलेल्या आयाबाया, लेकरं, सगळ्यांना चतुराबाईचा रामराम.

सगळे म्हणून राहिले, सर आता पोराकडं जाऊन आराम करणार. मला शक हाय. सरांना जायचंच न्हाई, असा शक.

तसा सरांवर माझा शक जुनाच. आमचे मालक वारले अन् मी इथं चुलीवर लागले. तवापासून बघते, हा माणूस ताटातला कढीपत्ता वेचून काढतो, धुतो, खिडकीत वाळवतो. मला वाटलं, वर तक्रार करायला पुरावा जमवून राहिलाय. एकदा झाडायच्या निमित्तानं कपाट उघडलं, तर पुस्तकात माझा कढीपत्ता. दुसऱ्यात बी. खूण म्हणून घातलेला. पण शक गेला न्हाई, वाढलाच. कारण पान कुठंच शेवटाला न्हाई. समदी पुस्तकं मधातच सोडलेली.

म्हणलं, "सर, सरकार अर्ध्या वाचनाला पुरा पगार देतंय व्हय?"

सर म्हणले, "चतुराबाई, शेवट मीच वाचला तर पोरांना इचारू काय?"

मग ध्यानात आलं. पोरगं पुस्तक परत घेऊन आलं की सर म्हणायचे, "मी तर इथवरच वाचलंय बाबा. म्होरं काय झालं?" सांगता येईना तर पोरगं पुस्तक घेऊन माघारी जायचं. एका पोरीनं तर शेवट मनानंच रचून सांगितला. सर आठवडाभर तो शेवट सगळ्यांना सांगत फिरले. पुस्तक वाचलेल्या पोरांनी उघडं पाडलं तवा म्हणले, "असू द्या, हिचाच शेवट बरा हाय."

मी सातवी शिकलेली. भांडी झाली की व्हरांड्यात बसून मागचा अर्धा भाग मी वाचायची अन् सरांना सांगायची. गावानं त्याच्यावर बी शक घेतला. घ्या की. लायब्ररीचं दार उघडं असायचं. अन् रामकिशनराव, तुमच्या घरच्या बाया त्याच खिडकीखाली शेवट ऐकायला उभ्या राहायच्या, ते तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई वाटतं.

आता मला सांगा, ज्याला उद्या जायचंय तो माणूस नवं जाडजूड पुस्तक उघडतो का? परवा सरांनी उघडलं.

मी इचारलं, "हे नांदेडला नेता का?"

"शाळेचं हाय. कसं नेऊ?"

"मग सुरू कशाला केलं?"

सर चष्मा पुसत बसले. चष्मा साफच होता.

मल्लिनाथ बाळा, राग मानू नको. तुझं घर चांगलं, बायको चांगली, लिफ्ट बी हाय म्हणतेत. पण तू बापाला इचारलंस, का नुसतं कळवलंस?

बरं बरं, साहेब, घड्याळ दाखवू नका, आवरते. एवढं ऐकून घेतलं, तुमचे लई उपकार. चुलीजवळची बाई हाय, बोलण्यात कुठं तिखट जास्त पडलं असंल तर पाणी पिऊन माफ करा.

अन् एक राहिलं. सरांच्या मनात काय हाय ते मला ठावं न्हाई. शक-बिक काही न्हाई. त्यांनी जाऊ नये असं मलाच वाटतंय. मला ते आवडतेत.