हातभर अंतरावरचा टीव्ही

बायको : वायर सोड आधी. हा कागद घे आणि मोठ्यानं वाच.

नवरा : आत्ता? कामावर निघायच्या वेळी? बरं, आण. ‘शस्त्रक्रिया सुरू असताना नातेवाइकांनी चिता करू नये.’ चिता?

बायको : चिंता! अनुस्वार उडालाय. रुग्णालयाचं माहितीपत्रक आहे ते, आणि कॉम्प्युटरवर त्याची पानं मी लावलीत, तपासलीत मी. छापखानेवाल्यानं मशीन थांबवून फोन केला. म्हणाला, ताई, ऑपरेशनच्या आधीच सरण रचलंत की!

नवरा : हा हा! बरोबर बोलला.

बायको : दात काढू नकोस. त्याच्या लक्षात आलं नसतं, तर हा कागद कुणाच्या तरी बायकोच्या हातात पडला असता. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर.

नवरा : पण पडला नाही ना? आणि एक टिंब तुझ्या नजरेतून सुटलं, त्यात टीव्हीचा काय दोष?

बायको : सुटलं नाही, दिसलंच नाही! वेलांटीच्या टोकाला टिंब आहे की नुसतीच काळी शाई फिसकटलीय, ते तुझ्या या टीव्हीवर कळतच नाही. ये, बस माझ्या खुर्चीत. बघ. अक्षरांच्या कडांना कसे लाल-निळे रंग सुटलेत.

नवरा : इतक्या जवळून तसंच दिसणार. जरा मागे सरकून बस.

बायको : आणि वाचू कशी? उंटावरून शेळ्या हाकू? टीव्ही लांबून बघायला असतो रे, मॉनिटर हातभर अंतरावरून वाचायला. मी तुला काय सांगितलं होतं? उभा फिरवता येईल असा मॉनिटर आण, पुस्तकाचं अख्खं पान एका नजरेत येतं. आणि तू हे धूड घेऊन आलास.

नवरा : दुकानदार म्हणाला, हल्ली सगळे टीव्हीलाच कॉम्प्युटर जोडतात. एकात दोन कामं.

बायको : दुकानदार पानं लावतो? खिशात फोन होता ना तुझ्या? मला एकदा विचारता आलं नाही?

नवरा : म्हटलं, एकदम दाखवू. खूश होशील.

बायको : झाले हो खूश! तू वायरमन आहेस ना? उद्या मी तुझ्या पिशवीतला टेस्टर काढून साधा स्क्रू-ड्रायव्हर ठेवते. दिसायला दोन्ही सारखेच. चालेल?

नवरा : ते वेगळं आहे. तिथं शॉक बसतो.

बायको : मला बसला तो काय होता मग? ऑफिस बंद पडून मी घरून काम करायला लागले, तेव्हापासून माझं काम म्हणजे तुला फावल्या वेळचा चाळा वाटतो.

नवरा : आवाज खाली घे, आई आत आहे. खरं सांगू? टीव्ही तिच्यासाठी घेतला. जुन्या टीव्हीवर तिला नीट दिसत नव्हतं. सारखी डोळे बारीक करायची.

बायको : मग तसं म्हणायचं होतंस! ‘तुझ्या कामासाठी आणला’ असा ढोल का वाजवलास? आईंची मालिका लागली की मी पान अर्धवट टाकून उठते. त्यांना ‘बंद करा’ म्हणायची माझी जीभ रेटत नाही, हे तुला चांगलं ठाऊक आहे.

नवरा : म्हणजे म्हातारीनं टीव्हीसुद्धा बघायचा नाही?

बायको : असं म्हटलं मी? नसतं ते माझ्या गळ्यात मारू नकोस!

(आई आतल्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहते.)

आई : माझ्या नावावर बिल फाडू नकोस रे. मी मागितला होता का टीव्ही?

नवरा : आई, तू पड जा. आमचं आम्ही बघतो.

आई : तुमचं तुम्ही बघता आणि मधे मला उभी करता. मी टीव्ही बघत नाही.

नवरा : काहीतरीच काय? काल तर बघत होतीस.

आई : ऐकत होते. कोण रडतंय, कोण दार आपटतंय, ते आवाजावरून कळतं. बघायला काही उरलं नाही.

बायको : उरलं नाही म्हणजे?

आई : मधोमध डाग येतो. कडेचं दिसतं. आता याच्याकडे सरळ बघितलं, तर दोन कान दिसतात आणि मधे तोंडच नाही.

नवरा : टीव्ही लावला त्या दिवशी मी विचारलं होतं, ‘आता दिसतंय ना?’ तू हो म्हणालीस!

आई : मग काय म्हणायचं होतं? केवढा तुझा उत्साह. हमालासारखा घामाघूम झाला होतास.

बायको : आई, निदान मला तरी सांगायचं!

आई : तुला? तू दिवसभर त्या पडद्याला नाक लावून बसलेली, हा रात्री येऊन जेवून आडवा. आणि सांगितलं असतं तर काय केलं असतंत, मला माहीत नाही का? आई, गॅसला हात लावू नका. आई, एकट्या बाहेर पडू नका. आई, एका जागी बसा! मी काय कुंडी आहे, ठेवाल तिथं बसायला?

नवरा : अगं, पण डोळ्यांशी खेळ असतो का हा? अशानं...

बायको : ओरडू नकोस त्यांच्यावर! आई, कपडे बदला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. आज, आत्ता. तू हा टीव्ही खोक्यात भर आणि परत करून ये. मॉनिटर माझा मी आणीन.

नवरा : भरतो. मी आईला एक चांगला रेडिओ आणतो, मोठ्या बटणांचा.

आई : झालं! पुन्हा सुरू. विचारलंस मला?

नवरा : ... नाही.

बायको : विचार मग.

नवरा : आई, तुला काय हवंय?

आई : हिच्याबरोबर तूसुद्धा चल. डॉक्टर काय सांगतील, ते एकटीनं ऐकायची छाती नाही माझी.

नवरा : येतो. आज कामावर जात नाही. चल, हात दे, जिन्यात अंधार असतो.

आई : हात नको धरूस. नुसता शेजारून चाल.