वरची रेघ, खालची रेघ

ओव्हनचं नाव काढू नका बायांनो! राजारामपुरीत मला केकची पहिलीच ऑर्डर मिळाली, शेजारच्या वहिनींच्या नातवाच्या वाढदिवसाची. ओव्हनच्या बटणावर नुसत्या रेघा. मी आमच्या ह्यांना विचारलं, "कुठली लावू?"

"केक वर फुगतो न्हवं? मग वरची लाव की."

वरनं कोळसा झाला आणि आत पीठ तसंच पातळ. मी रडाय लागले, तवा ह्यांनी माहितीपुस्तिका उघडली. "अगं, ही नुसती वरनं आच देती. केकला वरची-खालची दोन्ही लागत्यात."

"हे आधी वाचायचं न्हाय व्हय?"

तेवढ्यात वहिनी हसत दारात. "पोरं मेणबत्त्या घेऊन बसल्यात. द्या केक."

मागनं हे म्हणाले, "वहिनी, भाकरीवर लावल्या तर चालतील का?"