सव्वा अंशाची पायरी

काका : खाली.

मुलगी : वर.

बाबा : बिस्किटं त्या आलेखावर ठेवू नका.

काका : डोक्यावरच आहे होय चष्मा!

मुलगी : काका, आता तरी नीट बघा.

काका : नीटच बघतोय. तुझ्या बाबांनी अडतीस वर्षं रोज सकाळी आठला तापमान लिहिलं. त्यात ही बघ पायरी. धपकन सव्वा अंश खाली! उद्या वाचनालयातल्या चर्चेत हेच दाखवणार मी. कसली तापमानवाढ घेऊन बसलीस?

मुलगी : आजूबाजूच्या चारही हवामान केंद्रांवर ही पायरी नाही. एका रात्रीत फक्त आपल्याच अंगणात गारठा पडला?

काका : म्हणून तू आधीचे सगळे आकडे सव्वा अंशाने खाली ओढलेस. मग रेघ चढणारच की! आम्ही याला लबाडी म्हणतो.

मुलगी : आम्ही दुरुस्ती म्हणतो. पण कारण सापडत नाहीये, हेही खरं. बाबा, वहीत काहीच कसं नाही?

बाबा : माझ्या वहीत खाडाखोड नसते.

मुलगी : उद्या सगळ्यांसमोर मी खोटी पडेन, बाबा.

काका : पारेवाले, तुमचे कान का लाल झाले?

बाबा : पेटी मी हलवली.

मुलगी : तापमापकाची?

बाबा : स्वयंपाकघराच्या गरम भिंतीला खेटून होती. अंगणाच्या मधोमध नेली. वीस पावलं.

काका : न विचारता?

बाबा : विचारलं असतं तर हवामान कार्यालयाने तीन महिने घेतले असते. पेटीचं दार करकरायचं आणि खिडकीच्या आत बाळ झोपलेलं. रोज आठला भोकाड!

मुलगी : कुठलं बाळ?

काका : या घरात दुसरं होतं कोण? जगाचं तापमान हिने उतरवलं तर! अहो, पण बिजागरीला दोन थेंब तेल घालायचं ना.

बाबा : सुचलं नाही. झोप कुठे होती तेव्हा?

मुलगी : बाबा, हे वहीत लिहा.

बाबा : अडतीस वर्षांत एक शेरा नाही माझ्या वहीत.

मुलगी : माहीत आहे.

बाबा : ...पेन दे. तारीख तेव्हाची घालू?

मुलगी : आजची.

काका : आणि उद्या मी काय दाखवू?

मुलगी : पायरीच दाखवा. ती का आहे, ते बाबा सांगतील.

काका : म्हणजे मी नुसता आलेखावर काठी धरून उभा! बरं. ते बिस्कीट इकडे सरकवा.

बाबा : तू जन्मलीस त्या सकाळी आठला चोवीस पूर्णांक सहा होतं. भिंतीपाशी.