आजींनी न दिलेलं उत्तर

आजच्या या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले, आपल्या कुटुंब न्यायालयाचे माननीय न्यायाधीश वॉरन ट्रेडवेल साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि सकाळपासून त्या केकच्या मागे धावणाऱ्या आमच्या मुख्य लिपिक थेल्माबाई. व्यासपीठावरील वकील मंडळी. आपला हॉल आपल्याला देऊन मागच्या खिडकीपाशी आपल्यासाठी मासे तळत असलेले अग्निशमन दलाचे स्वयंसेवक. आणि बर्फ पडायच्या आत घर गाठायचं म्हणून घड्याळाकडे बघत का होईना, पण माझ्यासाठी थांबलेल्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

एकतीस वर्षं ही बर्निस क्रुपा तुमच्यासमोर गप्प बसून तुमचं बोलणं टिपत आली. आज बोलायची पाळी माझी आहे, आणि टिपून घ्यायला कुणी नाही. पुढच्या महिन्यात माझ्या जागी टेपचं यंत्र बसणार. ते चहा पीत नाही आणि थेल्माशी भांडतही नाही, तेव्हा कचेरीचा फायदाच आहे म्हणायचा.

साहेब आत्ता म्हणाले, ‘बर्निसच्या कागदात एकतीस वर्षांत एक चूक सापडली नाही.’ टाळ्या झाल्या. थेल्माने डोळे पुसले. मी मात्र मान खाली घातली, ती विनयाने नव्हे. ते वाक्य खरं नाही, साहेब. आणि ते तसंच ऐकून घेऊन मला तुमच्या हातून भेट घेता येणार नाही. मासे जरा थंड होतील, त्याबद्दल स्वयंसेवकांची आधीच माफी मागते.

इथे आपल्या घरची मंडळीही आली आहेत, म्हणून आमच्या कामातली एक खुबी सांगते. आमचं लघुलेखनाचं यंत्र अक्षरं एकेक करून लिहीत नाही. अनेक कळा एकदम दाबायच्या, की एक ठोका. जे वाक्य कोर्टात रोज बोललं जातं, त्याला आम्ही एकच ठोका ठरवून टाकतो. एखाद्या अल्पवयीन मुलाने कबुली दिली, तर साहेब ठरलेले सात प्रश्न विचारतात. समजलं का, कुणी दमदाटी केली का, शिक्षा काय होऊ शकते ते ठाऊक आहे का, वगैरे. सातवा प्रश्न मुलाला नसतो. तो त्याच्या आईबापाला किंवा सांभाळणाऱ्याला असतो, की तुम्हालाही हे सगळं समजलं आहे का, आणि मान्य आहे का? कायदाच तसा आहे.

त्या सातव्या प्रश्नाचा मी एक ठोका केला होता. आणि, मंडळी, त्याच ठोक्यात उत्तरही घातलं होतं. ‘हो, सर.’ का घातलं? कारण इतक्या वर्षांत एकाही आईने, एकाही आजोबाने दुसरं काही म्हटलंच नव्हतं. प्रश्न साहेबांचा आणि उत्तर माझं, असा हा कारभार! आळसाला आम्ही सफाई म्हणत होतो.

गेल्या जानेवारीत एक चौदा वर्षांची मुलगी उभी राहिली. तिचं नाव घेणार नाही. मुलांच्या खटल्यातलं नाव चार भिंतींबाहेर नेऊ नये, हा नियम तरी मी पाळीन. शाळेच्या जिन्यावर धक्काबुक्की झाली, एका मुलीचा हात मोडला, आणि ढकलणारी हीच, असं ठरलं. वकिलाने कानात सांगितलं, ‘हो म्हणून टाक, देखरेखीवर सोडतील, संध्याकाळी घरी.’ ती हो म्हणाली. मागे तिची आजी बसली होती, पोर्तो रिकोची. इंग्रजी येत नाही, म्हणून शेजारी आपली दुभाषी इव्हेट.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. एरी सरोवरावरून बर्फ असा सुटला होता की समोरचा दिवा दिसेना. शिपाई आत येऊन म्हणाला, ‘साहेब, बारा वाजता रस्ता बंद करतायत.’ साहेब म्हणाले, ‘चला, उरकून घेऊ.’ सहा प्रश्न झाले. साहेबांनी पान उलटलं. माझी बोटं मात्र सवयीने पुढे गेली आणि सातवा ठोका पडला. मी मान वर केली, तर आजींनी हात वर केलेला. मला वाटलं, खिडकी लावा म्हणतायत. आमच्या धंद्यात बोललेलं लिहितात, हात लिहीत नाहीत. साहेब उठले, आम्हीही उठलो.

देखरेख राहिली बाजूला. फेब्रुवारीत तिला वर्षभरासाठी सुधारगृहात पाठवलं, इथून तीन तासांवर.

ऑगस्टमध्ये अपिलाचे नवे वकील, ते पाहा, दाराशी बसले आहेत, नोएल ब्रॅडिश, माझ्या टेबलाशी आले.

‘मॅडम, सुरुवातीला नाव, नातं, पत्ता विचारला, ती आजींची सगळी उत्तरं तुम्ही लिहिलीत, प्रत्येकापुढे “दुभाष्यामार्फत” अशी खूण आहे. या एकाच उत्तरापुढे नाही. एवढ्या दोन शब्दांपुरतं आजींना इंग्रजी आलं होय?’

मी म्हटलं, ‘खूण राहिली असेल. घाई होती त्या दिवशी.’

‘राहिली असेल, की विचारलंच नव्हतं? आजी शपथेवर सांगतात, कुणी विचारलं नाही. इव्हेटला आठवत नाही, तिच्याकडे त्या दिवशी नऊ खटले होते. विचारलं नसेल तर हा निकाल टिकत नाही. सगळं तुमच्या कागदावर आहे.’

मी काय केलं असेल? ‘खूण राहून गेली’ एवढंच लिहून, खाली सही ठोकून मी मोकळी झाले. मनात हिशेब असा, की एक कागद खोटा निघाला तर एकतीस वर्षांचे सगळे कागद उपसतील. तीन महिन्यांनी निवृत्त व्हायचं आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची.

ऑक्टोबरात आजी स्वतः आमच्या कचेरीच्या खिडकीशी आल्या. द्राक्षांच्या तोडणीवरून थेट, बोटं जांभळी. बरोबर इव्हेट. म्हणाल्या, ‘लिहिणारी बाई तूच ना? मी काय म्हणाले ते वाचून दाखव.’

मी वाचलं. ‘हो, सर.’

‘मला विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते,’ त्या म्हणाल्या. ‘पोर घरी मला रडून सांगत होती, आजी, मी ढकललं नाही, मी तिला धरायला गेले. मग इथे हो कशाला म्हणते, हेच विचारायला मी हात वर केला होता.’ मग म्हणाल्या, ‘वकिलाने तिला तुझा कागद पाठवला. आता फोनवर बोलत नाही ती माझ्याशी. एकच विचारते, आजी, तू हो का म्हणालीस?’

इव्हेटला ते भाषांतर करताना दोनदा थांबावं लागलं. मला तेवढाही धीर झाला नाही. ‘बघते’ म्हणाले आणि खिडकी लावून घेतली. लाज वाटते मला. आजही वाटते.

आज दुपारी साडेतीनला मी प्रतिज्ञापत्र दाखल केलं. सातवा प्रश्न विचारला गेला नाही, उत्तर माझ्या बोटांनी दिलं आणि ऑगस्टची माझी सही खोटी होती, एवढंच त्यात आहे. थेल्मा, तू केकवरची अक्षरं बघत बघत त्यावर शिक्का मारलास, तुझा काही दोष नाही. आणखी किती कागदांत तो ठोका रिकाम्या जागी पडला असेल, मला माहीत नाही. ते उपसावे लागतील. माझं निवृत्तिवेतन राहील की जाईल, तेही माहीत नाही.

साहेब, पुढच्या गुरुवारी वरच्या कोर्टात सुनावणी आहे. त्याआधी नोंद दुरुस्त करायला तुमची सही लागेल. म्हणजे विचारलं नाही, हे तुम्हालाही लिहून द्यावं लागेल. चारचौघांत हे बोलून मी तुमची पंचाईत केली, जाणते मी. पण तुमच्या खोलीत बोलले असते तर आपण दोघांनी मिळून पुन्हा एखादी ‘घाई’ शोधली असती. आपण फार वर्षं एकत्र काम केलं आहे, साहेब.

ती मुलगी निर्दोष आहे का, ते मला ठाऊक नाही. ते ठरवायचं काम माझं नव्हतंच. तिच्या आयुष्यातले नऊ महिने गेले, ते तुमच्या-माझ्या सहीने परत यायचे नाहीत.

असो. आपण मला एवढी वर्षं सांभाळून घेतलंत, हॉल सजवलात, पदरमोड करून भेट आणलीत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. भेट मात्र तूर्त थेल्माकडेच राहू द्या. बोलायची सवय नाही, तेव्हा कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. त्या एका चुकीची मात्र माफी मागत नाही. ती आधी खोडा, आणि ब्रॅडिशसाहेब, खोडलेला कागद पहिल्यांदा त्या पोरीला पाठवा. कोर्टाचं काय व्हायचं ते होवो, तिने आजीचा फोन घ्यायला हवा.

नमस्कार.