बोलला तेवढंच

खुर्सीपारच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे नवरा-बायको उभे होते.

"आपल्या गुंजनले काय म्हणे तो साहेब?"

"कारखान्यात पहिलाच दिवस. पोरगी भट्टीपाशी उभी. साहेब म्हणे, 'यू मे गो होम, इफ यू लाइक.'"

"म्हंजे?"

"वाटलं तं घरी जा. पण मनात होतं, बाईमाणसाचं इथं काम नाही, निघ."

"हे तं तो बोललाच नाही!"

"इंग्रजीत असंच गोड बोलून हाकलतेत."

"पोरीले समजलं नाही काय?"

"सारं समजलं. पण बोलला तेवढ्यालेच जवाब देल्ला. 'नो थँक्स, सर. आय लाइक इट हिअर.' मले इथंच आवडते म्हणे!"

"माह्यावरच गेली. मी नवी नवरी होती, तवा तुमची माय म्हणे, थकली असशीन तं बस."

"मंग?"

"मंग काय, बसली मी!"