रेघ टोकावर पाहिजे

मला आधी एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर, स्वतःच्या डोळ्यांवर की बायकोच्या भावावर? हसू नका... आणि काका, तुम्ही जरा भिंतीकडे सरकून बसा, वर बघू नका, नुसते सरका. तर तुम्हाला सांगतो, माझ्या या भांड्यांच्या दुकानात छताखालून हा लोखंडी नळ गेलाय ना, गच्चीवरच्या टाकीचं पाणी अख्ख्या इमारतीला नेणारा, त्याला तडा गेला. केसाएवढा. इंजिनिअर बोलावला. शिडीवर चढला, बोटानं चाचपलं, उतरला आणि गल्ल्यावर बसलेल्या माझ्या बायकोकडे असा बघत राहिला, की मलाच कसंतरी झालं. म्हणाला, "शेठ, नुसत्या तड्याला मी भीत नाही. पण आत पाण्याचा दाब, खाली नळालाच टांगलेली तुमची पातेली, एवढा भार घेऊन तडा मुंगीच्या पावलांनी सरकतो आणि एका लांबीच्या पुढे गेला की सरकत नाही, उसवतो. एका दमात. टोकावर खडूची रेघ मारून ठेवा, तडा तिच्यापुढे गेला की मला कळवा."

काम दिलं मेहुण्याला. दर सोमवारी वर चढायचा आणि तिथूनच ओरडायचा, "दाजी, तडा रेघेवर. आहे तिथंच आहे." मी ते घरमालकाला सांगायचो, तो वरच्या भाडेकरूंना, सगळे निवांत. आणि आहे तिथंच आहे म्हटल्यावर मी काय केलं असेल? शाळा चौथीत सुटली, पण रिकामी जागा दिसली की माझे हात शिवशिवतात... पातेल्यांशेजारी कढया टांगल्या. पुन्हा आहे तिथंच आहे, मग बादल्या.

काल मेहुण्याचा पाय मुरगळला, म्हणून मी चढलो. रेघ तड्याच्या टोकावर, अगदी बरोबर. फक्त सुरुवातीला ती नळ छताला धरणाऱ्या पहिल्या कडीच्या अलीकडे होती, आता दुसरीच्या पलीकडे, नेमकी गल्ल्याच्या डोक्यावर... तसाच उतरलो आणि मेहुण्याला गाठलं.

मेहुणा म्हणतो कसा, "अहो दाजी, तडा पुढे जायचा आणि रेघ मागे राहायची. साहेबांनीच सांगितलं ना, रेघ टोकावर पाहिजे? मग मी जुनी पुसून नवी मारायचो. दर सोमवारी. आळस नाही केला."

इंजिनिअरला फोन लावला. तो विचारतो, "हळूहळू गेला, की शेवटी शेवटी जोरात?" मी म्हटलं, आता पुसलेल्या रेघांना विचारू? तर म्हणतो, "मग अजून किती उरलंय, मी कशावरून सांगू? टाकी रिकामी करा, माल हलक्या हातानं उतरवा, नळाला धक्का नको."

टाकीची किल्ली घरमालकाकडे. तो म्हणाला, "शेठ, तुम्हीच सांगत होतात ना, आहे तिथंच आहे?" आणि फोन ठेवला.

माल तर उतरवला. पाणी आहे वर, भरलेलं. बायकोला म्हटलं, अगं, गल्ला तरी हलव. ती म्हणाली, "माझ्या भावानं सांगितलंय, आहे तिथंच आहे. मी पण आहे तिथंच आहे." हे बघा, मी पण तिच्या शेजारीच खुर्ची टाकलीय, दुसरं काय करणार... ऐकलंत? टप्प झालं. नळ असेल, नाहीतर मोरीत असेल. तुम्हाला एकच विनंती, उद्या ही शिडी तुमच्याकडे आली, तर हिशोब प्रामाणिक ठेवा... नवी रेघ खुशाल मारा, पण जुनी पुसू नका.