गरम फरशीवरची विहीणबाई

आमच्या गरम फरशीचं सांगितलं का तुम्हाला? थंडीत आईचे गुडघे आखडतात, म्हणून मी हॉलच्या स्लॅबवर थर्माकोल अंथरून, त्यावर गरम पाण्याच्या नळ्या फिरवून फरशी बसवून घेतली. बाबा म्हणाले, "नाशिकचं काश्मीर झालंय का?"

ऐन थंडीत विंचूरचे पाहुणे ताईला बघायला आले. मुलाच्या आईंचे पाय फरशीला लागले मात्र, त्या सोफा सोडून खालीच बसल्या आणि बोलायच्याच थांबल्या. पोहे झाले, चहा झाला, तरी डोळे मिटलेलेच. ताई रडवेली झाली.

शेवटी बाबांनी धीर करून विचारलं, "मुलगी पसंत आहे ना?"

बाई तशाच म्हणाल्या, "पसंत हाय हो. पण पोरगा घरजावई चालंल का? मीबी येते संगं."